नवऱ्याची लाट

माझा नवरा नाशिकचा. गोदावरीला पूर आला की पुलावर उभं राहून बघायचं, एवढाच त्याचा पाण्याशी संबंध. मी रत्नागिरीजवळच्या एका गावातली. घरासमोर समुद्र होता, पण त्यात जायचं ते मासे आणायला, आणि तेही ज्यांचं ते काम आहे त्यांनी. मजा म्हणून समुद्रात शिरणारा दिसला की आमच्या गावात तो पाहुणा आहे हे लगेच ओळखतात आणि कोणीतरी कामधंदा सोडून किनाऱ्यावर त्याच्यावर लक्ष ठेवत बसतं. त्यामुळे एका शुक्रवारी दुपारी जेवताना नवरा म्हणाला, "मला एक मोठी लाट चढायची आहे," तेव्हा मी त्याला आणखी आमटी वाढली. वाटलं, खूळ आहे, जाईल. सायकल गेली, घरी चीज करणं गेलं, तसं हेही जाईल.

पण हे गेलं नाही. आम्ही लाल समुद्राकाठी जिझानला राहतो. तो रिफायनरीत प्रोसेस इंजिनिअर आहे आणि मी इंडियन स्कूलमध्ये गणित शिकवते. त्याचा साहेब दक्षिण आफ्रिकेचा होता. तो फायनल एक्झिटवर, म्हणजे नोकरी संपवून कायमचा, निघाला तेव्हा सामान वाटत सुटला. कोणाला मिक्सर मिळाला, कोणाला कुंड्या. माझा नवरा घरी आला तो स्वतःपेक्षा लांब सर्फबोर्ड खांद्यावर घेऊन. लिफ्टमध्ये तो मावला नाही म्हणून जिन्याने आणला, आणि प्रत्येक वळणावर भिंतीचा थोडा रंग घेऊन आला.

"ही फळी ठेवायची कुठे?" मी विचारलं.

"फळी नाही, बोर्ड."

बोर्ड आमच्या बेडरूममध्ये पलंगाशेजारी उभा राहिला. रात्री उठलं की तिथे कोणीतरी उंच माणूस उभा आहे असं वाटायचं. पहिले काही दिवस मी रोज दचकत होते, नंतर त्याच्यावर टॉवेल वाळत घालायला लागले.

मग सराव सुरू झाला. लाटेवर आधी पालथं झोपायचं, हातांनी पाणी मारायचं आणि लाट आली की एका झटक्यात पायांवर उभं राहायचं, असं ते शास्त्र होतं. हे सगळं हॉलमधल्या गालिच्यावर चालायचं. नवरा पालथा पडून हवेत हात मारायचा, मग धपकन उठायचा आणि दोन्ही हात पसरून टीव्हीसमोर वाकून उभा राहायचा. आमची चौदा वर्षांची मुलगी तेव्हा आपल्या खोलीचं दार लावून घ्यायची. तिच्या मैत्रिणी येणार असल्या की आधी विचारून घ्यायची, "आई, आज बाबा जमिनीवर असणार आहेत का?"

एका संध्याकाळी खालच्या मजल्यावरची मल्याळी नर्स वर आली. तिच्या हातात ब्लडप्रेशरचं मशीन होतं. हिंदीत, अगदी हळू आवाजात तिने मला विचारलं की तुमच्याकडे रोज सात वाजता कोण पडतं. मी सांगितलं, कोणी पडत नाही, माझे मिस्टर लाटेवर उभे राहतात. तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, आता आलेच आहे तर तुमचं प्रेशर बघून घेते. ते जरा जास्तच निघालं.

लाट कुठली हेही त्याचं ठरलं होतं. उपग्रहाचा नकाशा मोठा करत करत त्याने फरसान बेटांच्याही पलीकडे, भर समुद्रात, पांढरी रेघ शोधून काढली होती. पाण्याखाली प्रवाळाचा लांबच लांब बांध होता. आमच्या गावी असल्या खडकाळ भागाला खडप म्हणतात आणि होड्या त्याच्यापासून लांबून नेतात. हिवाळ्यात इथे दक्षिणेकडून वारा सुटतो आणि दिवसेंदिवस थांबत नाही. तेव्हा त्या खडपावर घराएवढी लाट फुटत असणार, असं नवऱ्याचं म्हणणं.

"लाल समुद्रात कुठली आलीये मोठी लाट," मी म्हणाले.

"हेच सगळ्यांना वाटतं. म्हणून तिथे कोणी जात नाही."

मी एक अट घातली. तो एकटा जाणार नाही, मी आणि मुलगी होडीत असू. लहानपणी पाठीला पत्र्याचा डबा बांधून मला विहिरीत टाकलं होतं, त्यामुळे मला पोहता चांगलं येतं. अजून एक माणूस आपणहून तयार झाला. तो नवऱ्याचा पुण्याचा मित्र, रिफायनरीतला सेफ्टी मॅनेजर. मी त्यांना भाऊजी म्हणते. भाऊजींनी सर्फिंगचे इतके व्हिडिओ पाहिले होते की चालू व्हिडिओ थांबवून ते त्या सर्फरच्या चुका सांगायचे. स्वतः ते कंपनीच्या कॅम्पमधल्या स्विमिंग पूलमध्येही कमरेच्या वर जात नसत.

वारा आला, चांगला चार-पाच दिवस राहिला आणि एका गुरुवारी संध्याकाळी पडला. फरसानचा एक म्हातारा नाखुदा, म्हणजे मोठ्या होडीचा मालक आणि चालक, आम्हाला न्यायला तयार झाला होता. शुक्रवारी पहाटे आम्ही निघालो. बोर्डाला ओरखडे पडू नयेत म्हणून नवऱ्याने तो पांढऱ्या चादरीत गुंडाळला, तीन ठिकाणी दोरीने बांधला आणि गाडीच्या टपावर ठेवला.

बंदराच्या अलीकडच्या चेकपोस्टवर तरुण पोलिसाने इकामे, म्हणजे इथे राहण्याचे परवाने, मागितले. मग त्याची नजर टपावर गेली. त्याचा चेहरा एकदम मवाळ झाला. त्याने छातीवर हात ठेवला आणि हळू आवाजात अरबीत काहीतरी म्हटलं. नवऱ्याला वाटलं, प्रवासाला शुभेच्छा देतोय. तो तोंडभर हसून म्हणाला, "शुक्रन, शुक्रन." पोलीस गोंधळला. त्याने आणखी काहीतरी विचारलं. नवरा आणखी हसला.

मागून मुलगी म्हणाली, "बाबा, हसणं थांबवा. ते विचारतायत, वर कोण आहे. घरातलं कोणी का."

मग सगळे खाली उतरले. चादर सोडली. पोलिसाने बोर्डावर टकटक केलं, आत कोणी नाही याची खात्री केली आणि आपल्या साहेबाला बोलावलं. साहेबाला नवऱ्याने रस्त्यातच पालथं पडून प्रात्यक्षिक दाखवलं. ते बघून साहेब माझ्याकडे वळून इंग्रजीत म्हणाला, "मॅडम, तुमची परवानगी आहे?" मी हो म्हणाले. तो म्हणाला, "यल्ला," म्हणजे चला, आणि आम्ही सुटलो.

धक्क्यावर भाऊजींनी आम्हाला अर्धगोल उभं करून सुरक्षेचं भाषण दिलं. रिफायनरीत काम सुरू करायच्या आधी देतात तसंच. त्यांच्या डोक्यावर पिवळं हेल्मेट होतं, गळ्यात शिट्टी आणि हातात भोंगा. काही गडबड झाली तर सगळ्यांनी असेंब्ली पॉइंटला जमायचं, आणि आजचा असेंब्ली पॉइंट म्हणजे होडी, असं त्यांनी जाहीर केलं. नाखुदाला मराठी येत नव्हतं, पण तो शेवटपर्यंत अदबीने ऐकत होता. भाषण संपल्यावर त्याने मला त्याच्या मोडक्या हिंदीत विचारलं, "ये इमाम है?"

वारा पडला होता पण समुद्र अजून विसरला नव्हता. होडी वर जायची आणि खाली यायची. फरसान मागे पडेपर्यंत भाऊजी होडीच्या तळाशी बादलीला मिठी मारून बसले होते. तिथूनही ते सूचना देत होते. "वहिनी, लाइफ जॅकेटचा खालचा पट्टा," एवढं म्हणायचे आणि पुन्हा बादलीत तोंड घालायचे.

आणि मग ती दिसली. आधी आवाज आला, लांब कुठेतरी ट्रकमधून खडी ओततायत तसा. मग समोर भर समुद्रात पाणी उभं राहिलं. हिरवं, गुळगुळीत, आमच्या होडीपेक्षा उंच. ते क्षणभर तसंच राहिलं आणि खडपावर कोसळून पांढरं झालं. मागून दुसरं उठलं.

"मोज कबीर," नाखुदा म्हणाला. मोठी लाट. एवढं अरबी मलाही कळलं.

नवऱ्याकडे पाहिलं. त्याचं तोंड उघडं होतं. आजवर त्याच्या बहुतेक गोष्टी नकाशातच बऱ्या दिसायच्या. ही खरी निघेल असं बहुधा त्यालाही वाटलं नव्हतं.

"नाही गेलास तरी चालेल," मी म्हणाले. "बघितली ना, झालं."

तो म्हणाला, "एवढ्या लांब आलोय." म्हणजे आपण लग्नाला गेल्यावर जेवूनच निघतो त्या सुरात. आणि बोर्ड घेऊन उतरला.

नाखुदाने होडी लाटेच्या बाजूला, खोल पाण्यात ठेवली. नवरा हात मारत लाटा उठतात त्या जागेजवळ गेला आणि बोर्डावर दोन्हीकडे पाय सोडून बसला. पहिली लाट आली, त्याने ती जाऊ दिली. दुसरी आली, तीही सोडली. मग त्याचं तेच चाललं. स्टॉपवर उभं राहून चुकीच्या नंबरच्या बस सोडाव्यात तसा तो एकेक लाट सोडत होता. लाट जवळ आली की मान हलवायचा आणि लाट खालून निघून जायची.

"बाबा कशाची वाट बघतायत?" मुलीने विचारलं. ती मोबाइलवर शूटिंग करत होती.

"छोट्या लाटेची," मी म्हणाले.

शेवटी त्याने आमच्याकडे वळून हात हलवला. झालं, परत येतो, असा. लाटेकडे पाठ करून तो बसल्या बसल्या बोर्ड फिरवायला लागला आणि अर्ध्यातच अडकला. नेमकी तेव्हा त्याच्या मागे त्या दिवसातली सगळ्यात मोठी लाट उठली.

मी ओरडले. भाऊजींनी बादलीतून डोकं काढून भोंग्यात सांगितलं, "असेंब्ली पॉइंटला या." नवऱ्याने मागे पाहिलं, आणि सगळा सराव त्याच्या एकदम अंगात आला. तो तसाच मागे वळून पालथा पडला, धपकन उठला, दोन्ही हात पसरून वाकून उभा राहिला. सगळं अगदी बरोबर केलं, फक्त तोंड उलट्या दिशेला होतं. खडपाकडे पाठ आणि लाटेकडे तोंड करून माझा नवरा त्या लाटेवरून मागे मागे गेला. टीव्हीसमोर उभा राहायचा तसाच. मग पांढरा फेस झाला आणि त्यात तो दिसेनासा झाला.

त्यानंतरचा वेळ मला सलग आठवत नाही. मी लाइफ जॅकेट घालून होडीच्या काठावर चढले होते आणि नाखुदाने माझी ओढणी धरून ठेवली होती, एवढं आठवतं. तो सारखं म्हणत होता, "अंदर पानी कम, अंदर पानी कम." मुलीने मोबाइल खाली ठेवला होता आणि माझा हात घट्ट धरला होता. ती असं करून कित्येक वर्षं झाली होती.

मग खडपाच्या पलीकडे, आतल्या शांत उथळ पाण्यात, एक माणूस उठून उभा राहिला. पाणी त्याच्या गुडघ्यापर्यंत होतं. त्याने दोन्ही हात वर केले. त्याचा एक बगळा झाला होता, बारीक आणि लांब, आणि शेजारी खरे बगळेही होते. ते उडालेसुद्धा नाहीत.

खडपावरून होडी नेता येत नव्हती, त्यामुळे आम्हाला मोठा वळसा घालून एका फटीतून आत जावं लागलं. पोचलो तेव्हा नवरा वाळूच्या एका उंचवट्यावर बांगलादेशी मच्छीमारांमध्ये बसून भात आणि भाजलेला मासा खात होता. खरं म्हणजे पालथा पडून खात होता, कारण प्रवाळाने त्याची बसायची जागा चांगलीच खरवडून काढली होती. मच्छीमारांना त्याने कुठून आला हे सांगितलं होतं, पण त्यांचा विश्वास बसलेला नव्हता. होडी फुटली आणि धक्क्याने याच्या डोक्यावर परिणाम झाला, असं त्यांचं मत होतं.

मी काय काय बोलायचं ते वाटेत जुळवून ठेवलं होतं. जवळ गेले तर तो म्हणाला, "अगं, मासा खा. फार सुंदर झालाय." आणि मला रडू आणि हसू एकत्रच आलं. मी त्याच्या शेजारी बसून मासा खाल्ला.

खाऊन झाल्यावर मी पाय धुवायला पाण्यात गेले. बोर्ड तिथेच तरंगत होता. बाहेर फुटलेल्या लाटेचा उरलेला फेस इथवर येत होता, फूटभर उंच, म्हशीने अंग हलवावं तसा निवांत. का कोण जाणे, मी सलवार-कमीज आणि लाइफ जॅकेटसकट त्या बोर्डावर पालथी झाले. मागून फेस आला, बोर्ड उचलला गेला आणि मी सुटले. हातगाडीवरच्या कोबीसारखी मी त्या उथळ पाण्यावरून सरळ गेले, आणि माझ्या तोंडातून जो आवाज निघाला तो माझ्या वर्गातल्या मुलींनी ऐकला असता तर त्या मला पुन्हा कधी घाबरल्या नसत्या. वाळूला लागले तेव्हा मुलगी समोर उभी होती.

"आई," ती म्हणाली, "तू ठीक आहेस ना?"

"बाजूला हो," मी म्हणाले. "दुसरी येतेय."

किती वेळा गेले ते मोजलं नाही. नाखुदा "खलास, खलास" म्हणत पाण्यात उतरला तेव्हा थांबले. परतताना भाऊजी आणि नवरा होडीच्या तळाशी शेजारी शेजारी पालथे झोपले. मुलगी माझ्या मांडीवर डोकं ठेवून व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघत होती आणि हसू दाबत होती. मैत्रिणींना दाखवणार का, असं मी विचारलं. ती म्हणाली, रेंज आली तेव्हाच ऑलरेडी पाठवला.

फरसान दिसायला लागलं तेव्हा मी तिचं डोकं बाजूला केलं, पुढच्या टोकाला गेले, गुडघे वाकवले आणि हात पसरून उभी राहिले. होडी वर गेली, खाली आली. पडले नाही. मागून नाखुदा अरबीत काहीतरी ओरडला. बहुतेक खाली बस म्हणत असावा, पण तेवढं अरबी मला येत नव्हतं.