कोरडं चालतं

आमच्या गावात गावजेवणाला घरटी पाच भाकरी द्यायची पद्धत आहे. माणसं टोपलं घेऊन दारोदार फिरतात. आमच्या बौद्धांच्या गल्लीत आली की मात्र टोपलं खाली ठेवतात आणि पोत्याचं तोंड उघडतात, कारण आमच्याकडून भाकरी घेत नाहीत, ज्वारी घेतात. कोरडं चालतं, ओलं चालत नाही. ती ज्वारी पेरायला, काढायला, मळायला आमचेच हात लागलेले असतात, ते चालतं. पण त्याच हातांनी पिठात पाणी घातलं की संपलं! लग्न होऊन आले तेव्हापासून हे बघतेय आणि दरवर्षी माझं डोकं सटकतं. सासू म्हणायची, गपचूप सूपभर ज्वारी घाल आणि आत ये. मी घालायची, पण आदळून.

राग माझ्या नाकावरच असतो, ते आधीच सांगून टाकते. पण हाताला चव आहे, हेही खरं. त्या चवीमुळेच कनेरगाव नाक्यावरच्या एका ढाब्याला भाकरी करून द्यायचं काम मिळालं. घरीच चुलीवर थापायच्या, फडक्यात गुंडाळायच्या आणि नेऊन द्यायच्या. ढाबेवाला माणूस वाईट नव्हता. पैसे वेळेवर द्यायचा, लेकीच्या अभ्यासाची चौकशी करायचा. त्याची अट एकच होती: मागच्या दारानं यायचं आणि भाकरी कोण करतं ते कुणापुढं बोलायचं नाही. त्याला स्वतःला काही वाटत नव्हतं म्हणे, पण गिऱ्हाईक गावचंच होतं. मी मूग गिळले. नवऱ्याची मजुरी सोयाबीन निघालं की थंडावायची, मग घर कशावर चालवणार?

आणि गंमत बघा. भाकरीपायी त्या ढाब्यावर गर्दी व्हायला लागली. बाजाराला आलेले आमच्याच गावचे लोक तिथं बसून बोटं चाटत जेवायचे. आमच्या गल्लीत टोपलं खाली ठेवणारे जवळजवळ सगळे त्यात होते. मी मागच्या दारात उभी राहून ऐकायची आणि एकटीच हसायची.

एक दिवस मात्र हसू आलं नाही. गावातले एक आबा, ज्यांच्या शेतात मी सासूबरोबर खुरपायला जायची, ते ढाबेवाल्याला विचारत होते, भाकर करतं कोण? आबांचे बरेच दात पडलेत. ही भाकर दुधात कुस्करावी लागत नाही, म्हणून कौतुक चाललं होतं. ढाबेवाल्यानं सांगितलं, "आमच्या घरूनच येती." वा रे वा! धूर मी खायचा, बोटं मी भाजून घ्यायची, आणि नाव तुझ्या घरचं? माझं पित्त खवळलं. भाकरी तिथंच ठेवल्या आणि म्हटलं, उद्यापासून दुसरी बाई बघा. घरी येऊन सांगितलं, आता नाक्यावर माझीच चूल मांडणार.

नवऱ्यानं डोक्याला हात लावला. हातचं काम टाकून तू नाक्यावर तोंड दाखवून भाकरी विकणार, पण घेणार कोण, हे त्याचं म्हणणं. तो चुकीचं बोलत नव्हता. माझं नाही चाललं तर ढाब्याचं कामही गेलेलं, आणि लेकीचं हिंगोलीतलं कॉलेज त्याच कामावर टिकलेलं. तरी मी पत्र्याचं शेड टाकलं, दोन बाकडी मांडली आणि रस्त्याकडे तोंड करून चूल घातली.

सुरुवातीला जीव नुसता टांगणीला लागला होता. ट्रक उभे करायला तिथं जागा नव्हती, म्हणून ड्रायव्हर थोडेच यायचे. गावचे लोक सेनगावच्या जीपची वाट बघत समोर उभे असायचे. माझ्याकडून पाण्याची सीलबंद बाटली घ्यायचे, बिस्किटाचा पुडा घ्यायचे, भाकरीकडे बघायचे आणि मान वळवायचे. म्हणजे इथंही कोरडंच! उरलेल्या भाकरी घरी नेताना रडू यायचं. लेक मात्र त्याच भाकरी फोडणीला टाकून कॉलेजच्या डब्यात न्यायची आणि मैत्रिणींना वाटून डबा चाटूनपुसून आणायची. तिला बघून मी सकाळी पुन्हा पीठ चाळायला बसायची.

मग एका बाजाराच्या दिवशी आबा आले. ढाब्यावरची भाकर आता चाववत नाही म्हणून कुरकुरत बाकड्यावर टेकले आणि तव्यावर फुगलेल्या भाकरीकडे बघत बसले.

"आदी ढाब्यावर कोन करत होतं गं?"

"मीच, आबा."

"समद्या?"

"व्हय. समद्या."

आबा उठून गेले तर समोरचे सगळे बघणार होते. आबांनी त्या जीपवाल्या घोळक्याकडे पाहिलं आणि एकदम खो खो हसायला लागले. "म्हंजे आपुन समदे कवाच बाटलो की! आता काय राह्यलं? वाढ."

त्यांना खाताना बघून दोघं आले, मग हळूहळू बाकडी भरायला लागली. सगळे आले असं म्हणणार नाही. काही घरं अजून सीलबंद बाटलीच घेतात, आणि मला त्यांचा अजून तितकाच राग येतो. पण लेकीचं कॉलेज सुटलं नाही, आणि नवरा आता सकाळी माझ्याआधी चूल पेटवतो.

यंदा गावजेवणाची माणसं गल्लीत आली, त्यांत आबाही होते. मी सवयीनं सूपभर ज्वारी घेऊन दारात आले, आदळायच्याच तयारीत. आबांनी हात आडवा केला.

"जवारी राहू दे. पाच भाकरी दे, समद्यांसारख्या."

शेजारच्या दारातही दुसऱ्या माणसानं तेच सांगितलं. सासू असायला पाहिजे होती, एवढंच मनात आलं. मग म्हटलं, थांबा जरा, ऊन ऊन करून देते. ते टोपलं हातात धरून दारात थांबले. मी सूप बाजूला ठेवलं, परात ओढली आणि त्यांच्यासमोर पिठात पाणी घातलं.