काकूंची हळद

दिघ्याच्या दोन खोल्या सोडून आम्ही बेलापूरच्या या जुन्या बैठ्या घरात आलो, तेव्हा माघ चालू होता. घर विकणाऱ्या काकू कोकणातल्या, एकट्या. त्या लेकीकडे कामोठ्याला चालल्या होत्या. कागदपत्रं मुलाने पाहिली, माझं काम सहीपुरतं. पण किल्ल्या काकूंनी माझ्याच हातात दिल्या आणि म्हणाल्या, "मागे भिंतीकडेला हळद आहे हो. तेवढी सांभाळ. श्रावणात येईन मी." परक्या माणसापुढे माझं तोंड उघडत नाही. मी नुसती मान हलवली, पण मनापासून हलवली.

मग मिस्त्री आला. मोरीची भिंत ओल धरून फुगलेली होती, ती पाडली. स्वयंपाकघराचा रंग खरवडला, तर निळ्याखाली गुलाबी आणि गुलाबीखाली चुना निघाला. मला त्या घराची फार माया वाटायला लागली.

मागे गेले, तर हळदीचा पाला वाळून आडवा पडलेला. माझं माहेर साताऱ्याकडचं, हळदीच्या रानातलं. पाला वाळला की हळद काढायची, हे मला कुणी सांगायला नको होतं. दोन दिवस खणून शेवटचा तुकडा वेचला. मोरीच्या दाराची कुजकी चौकट फोडून चूल पेटवली, हळद शिजवली, वर गच्चीत वाळवली, दळून आणली. पहिली बरणी काकूंची म्हणून भरली आणि वर फडकं बांधलं. पाला कचऱ्यात गेला. आमच्याकडे त्याला कोण विचारतं?

मागचं अंगण मोकळं दिसल्यावर मुलाने स्कूटरसाठी सिमेंटचे ब्लॉक बसवून घेतले. मी काही बोलले नाही. काकूंची हळद तर मी सांभाळली होती.

श्रावणात, नागपंचमीच्या आदल्या दिवशी, काकू पिशवी आणि कात्री घेऊन आल्या. मागच्या दारातच थांबल्या.

"अगो, हे काय? पानं कुठायत?"

आमचे हे पुढे झाले. "काकू, हळद हाय की! हिनं सोता शिजवून, दळून ठेवलीय." त्यांनी बरणी काकूंच्या हातात दिली.

काकूंनी बरणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "दळलीस? अगो, इतक्या वर्षांत मी तिचा एक कंद उपटला नाही! पावसात आपली आपण वर येते ती. मला पानं हवी होती. उद्या पातोळ्या कशावर थापू? ह्या बरणीवर?"

हे हसले. माझी मात्र कानशिलं तापली.

काकू पायरीवर बसल्या. "लग्नात गावाहून रुमालात बांधून आणलेला कंद होता. आधी भाड्याच्या खोलीत डब्यात होता, मग इथे. लेकीच्या सातव्या मजल्यावर माती कुठली? म्हणून तुझ्यावर सोपवला." त्यांनी बरणी पिशवीत ठेवली. "असू दे. पानं काय, बाजारात मिळतात."

तेव्हा मला आठवलं. हळद काढली की थोडं बियाणं बाजूला ठेवायचं, ही माहेरची सवय. पलंगाखालची टोपली ओढून आणली. कंद सुकले होते, पण कोंब फुटलेले होते.

"काकू, सगळी नाही शिजवली," मी म्हणाले. मग मुलाकडे वळले. "हे ब्लॉक काढायचे."

"आई, आत्ता तर बसवलेत! स्कूटर कुठे लावू?"

"रस्त्यावर लाव."

"आरं बाबा," हे म्हणाले, "वर्षातनं एकदा बोलती ती. काढ गपगुमान."

काकूंना हसू आलं. "उद्याच काढतोस काय रे?"

"उद्या नाही," मी म्हणाले. "आमच्यात पंचमीला जमीन खणत नाहीत."

पंचमीनंतर मुलाने कुरकुरत भिंतीकडच्या दोन ओळी उचलल्या. खालची खडी काढून मी माती भरली आणि कंद लावले. त्या वर्षी काकूंनी पातोळ्या बाजारच्या पानांवरच केल्या.

पुढच्या श्रावणात त्या आल्या तेव्हा पानं माझ्या कमरेला लागत होती. त्यांनी हवी तेवढी कापली आणि माझ्याच ओट्याशी उभ्या राहिल्या. पानावर तांदळाचं पीठ थापायचं, गूळखोबरं घालायचं, पान मिटून उकडायचं. माझी पहिली पातोळी फाटली. "दळायला घाई, थापायलाही घाई," काकू म्हणाल्या. झाकण काढल्यावर जो वास आला, तो हळदीच्या रानात वाढूनही मला ठाऊक नव्हता.

मग माघ आला. पाला वाळून आडवा पडला आणि माझे हात शिवशिवले. खुरपं घेऊन दारापर्यंत गेलेही. मग ते परत खिळ्याला अडकवलं, आणि मागच्या दाराला कडी लावली.