आत्याचा धवला आणि दिनानाथची कला

रोह्याचा दिनानाथ स्वतःला दिग्दर्शक म्हणवतो. म्हणवू दे बापडा. आम्ही जिते गावची माणसं त्याला चांगलं ओळखून आहोत. आधी तो सरकारसाठी माहितीपट काढायचा, डासांवर एक, शोषखड्ड्यांवर दोन. बोलणं असं, की डास जणू यानेच शोधून काढला.

नव्वद साली तो माझ्या बायजाआत्याच्या ओटीवर येऊन बसला. आत्या धवलारीण. आमच्यात लग्न लावते ती धवलारीण, धवले गाऊन. नवरानवरीची नावं घेऊन ती देवांना मांडवात बोलावते आणि त्यांच्या संसाराची राखण मागते. गावातल्या जनूच्या मुलीच्या, मालूच्या लग्नात दिनानाथने आत्याचं सगळं गाणं टेप केलं. माहितीपट झाला, मुंबईत बक्षीस मिळालं. खोटं कशाला बोलू, तेव्हा आमचीही छाती फुगली.

त्या बक्षिसाने याला शिंगं फुटली. खरं दाखवण्यात कसली आलीय कला, असं म्हणून स्वारी गोष्टीच्या सिनेमाकडे वळली. गोष्ट काय, तर मिठागरावरची नवरी, आणि मांडव उतरायच्या आत तिचा नवरा खाडीत बुडतो. लग्नात आत्याने गावं म्हणून हा पुन्हा ओटीवर हजर. आत्याने बजावलं, की खोट्या लग्नात देव बोलवायचे नसतात. नावं न घेता नुसती चाल म्हणेन. त्याने मान डोलावली. ती तशी गायली, तीनदा गायली, कारण नटीचं कुंकू ओघळत होतं.

सिनेमा पेणच्या टॉकीजला लागला. अख्खा गाव टेम्पो करून गेला. मांडवाचा प्रसंग आला आणि आत्याचा आवाज घुमला, पण तो मालूच्या लग्नातला. मालूचं नाव, तिच्या नवऱ्याचं नाव, सासरचे देव, सगळं जसंच्या तसं. या दीडशहाण्याला नुसती चाल फिकी वाटली, म्हणून जुनी टेप चिकटवली. आणि लगेच पुढे पडद्यावर नवऱ्याचं प्रेत. मालू तेव्हा पोटुशी होती. सासूने तिला हाताला धरून बाहेर नेलं.

मालूचा नवरा आजही धडधाकट आहे. पण गावाने ठरवलं, बायजाने धवला विकला. आत्याने शपथा घेतल्या, मी दारोदार सांगत फिरलो, कोणी ऐकेना. चाळीस वर्षं जिच्यावाचून गावात लग्न लागलं नव्हतं, तिला कोणी बोलवेना. मालूच्या धाकट्या बहिणीचं लग्नही दुसरीनेच लावलं. त्या दिवशी आत्या जेवली नाही.

इकडे सिनेमा आपटला. दोन वर्षांनी दिनानाथ पुन्हा कॅमेरा घेऊन दारात उभा, परत माहितीपट. विषय काय, तर गाणं सोडलेली धवलारीण. लाज म्हणून नाही. मी हाकलणार होतो, आत्यानेच थांबवलं. मावशी, तुम्ही का गात नाही, असं त्याने विचारलं.

"माजा आवाज तू नेलास," आत्या म्हणाली. "आता कुनाचं लगीन लावायचं तर तुलाच बोलवतील."

त्याने डोळे पुसले. मग म्हणाला, "मावशी, मागून गाडी गेली. तेवढं पुन्हा एकदा बोला."

आत्या उठली, आत गेली आणि तिने दार लावून घेतलं. त्या बंद दाराचं त्याने पाच मिनिटं शूटिंग केलं. त्याला ते फार आवडलं म्हणे.