भूक नव्हती, म्हणून खाल्लं नाही

"कुठून पडलात?" डॉक्टरांनी विचारलं.

"पडले नाही," मी म्हटलं.

"मग गाडीवरून?"

"नाही. ओट्यापाशी उभी होते. कुकर उतरवायला वळले आणि पाय गेला."

त्यांनी एक्स-रे पुन्हा उजेडात धरला. मग केसपेपरवरचं माझं वय वाचलं. अडतीस.

"फ्रॅक्चर नेक ऑफ फीमर," ते म्हणाले. मांडीचं हाड खुब्यात जिथे बसतं तिथे त्याला एक मान असते. माझी ती मान मोडली होती. "न पडता हे हाड मोडतं ते सत्तरीच्या बाईचं. तुमचं कसं मोडलं?" केसपेपर खाली ठेवून त्यांनी विचारलं, "शेवटची पाळी कधी आली होती?"

नवरा स्ट्रेचरच्या बाजूला उभा होता. मी मनातल्या मनात महिने मोजले. अकरा. आकडा सांगितला तसं त्याने माझ्याकडे पाहिलं. चौदा वर्षांच्या संसारात एवढी गोष्ट त्याला माहीत नव्हती, कारण मी सांगितली नव्हती. खरं सांगायचं तर मला ते सोयीचंच वाटत होतं. धावायच्या दिवशी कटकट नको.

हे मी अशा बायकांसाठी लिहितेय, ज्यांच्या फोनमध्ये कॅलरी मोजणारं अ‍ॅप आहे आणि संध्याकाळी जेवायला बसताना ज्यांना रोज एकच प्रश्न पडतो. व्यायामात जाळलेल्या कॅलरी परत खायच्या का? भूक नसली तरी? मलाही तोच प्रश्न पडला होता. मी तो चुकीच्या माणसाला विचारला, आणि मिळालेलं उत्तर मला आवडलं म्हणून खरं मानलं.

मी रत्नागिरीतल्या एका हायस्कुलात गणित शिकवते. जाधव मॅडम. घर मांडवीला. हाड मोडण्याच्या दोन वर्षं आधी रक्त तपासलं तेव्हा साखर काठावर निघाली होती, वजन बहात्तर किलो. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी दहा किलो उतरवायला सांगितलं. तो सल्ला बरोबर होता. त्यांच्यावर माझा राग नाही.

मी धावणाऱ्यांच्या एका ग्रुपात गेले आणि फोनवर अ‍ॅप घेतलं. कॅलरी म्हणजे अन्नातून मिळणारी शक्ती मोजायचं माप. अ‍ॅपने मला दिवसाला बाराशेची मर्यादा घालून दिली. सकाळी भाट्याच्या पुलापलीकडे जाऊन परत आले की मनगटावरचं घड्याळ सांगायचं, पाचशे जळल्या. अ‍ॅप लगेच तेवढ्या वाढवून द्यायचं: आज सतराशे खाऊ शकता. संध्याकाळी जेवण संपलं तरी त्या पाचशे तशाच शिल्लक. आणि मला भूक नसायची. अजिबात नसायची. धावून आल्यावर तर अन्नाचा वास नको व्हायचा.

आमचे कोच मिलिंद सर. मनाने चांगला माणूस, हे मी आजही म्हणते. एका रविवारी किनाऱ्यावर त्यांना विचारलं, "सर, उरलेल्या कॅलरी खायच्या की नाही?"

"घड्याळं फुगवून सांगतात हो," ते म्हणाले. "आणि भूक नसेल तर कशाला खायचं? भूक नाही म्हणजे शरीर चरबी खातंय. खाऊ दे त्याला."

ऐकायला किती सरळ वाटतं. भूक लागली तर खा, नाही तर नको. कुणीही पटकन मान डोलवावी. मीही डोलवली, आणि त्या पाचशे रोज सोडून दिल्या. पुढे मीच माझ्या मनाने बाराशेच्या अकराशे केल्या.

आठ महिन्यांत वजन पंचावन्न झालं, वर्षभराने एकोणपन्नास. साखर तर केव्हाच ताळ्यावर आली होती. थांबायची जागा तीच होती, पण मी थांबावं असं कुणालाच वाटत नव्हतं. सासूबाई अलोऱ्याहून आल्या की शेजारणींना बोलावून दाखवायच्या, "बघा, आमची सून कशी नवी नवरी दिसते." नवऱ्याने माझे आधीचे आणि नंतरचे फोटो शेजारी शेजारी लावून भावंडांना पाठवले. मुख्याध्यापिकांनी परिपाठाच्या वेळी मला मुलींसमोर उभं केलं आणि सांगितलं, जिद्द कशी असावी ती जाधव मॅडमकडून शिका. तीनशे मुलींनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या ऐकताना मला थंडी वाजत होती. एप्रिल महिना होता, रत्नागिरीचा एप्रिल, आणि मी वर्गातला पंखा बंद करायला लावायची.

शरीर सांगत होतं. न्हाणीघराच्या जाळीवर केसांचे पुंजके अडकायचे. पायऱ्या चढून वर्गात गेल्यावर डोळ्यांपुढे अंधारी यायची. घड्याळावर नाडी चव्वेचाळीस दिसायला लागली तेव्हा मिलिंद सर खूश झाले. "हे खेळाडूचं हृदय!" माहेरच्यांनी आंब्याची पेटी पाठवली, त्यातला अर्धा आंबा मी खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी दोन किलोमीटर जास्त धावले. घरातला आंबा खाण्याबद्दल स्वतःला शिक्षा. लिहितानाही लाज वाटते.

मग उजव्या जांघेत दुखायला लागलं. पाय टेकला की आत खोल कळ, बसलं की थांबायची. सर म्हणाले, ताण बसलाय, व्यवस्थित स्ट्रेचिंग करा. एका दवाखान्यात गेले तर स्नायू दुखावलाय म्हणून गोळ्या मिळाल्या. गोळी घेतली की दुखणं कमी व्हायचं आणि मी धावायची. असे तीन आठवडे. त्या तीन आठवड्यांत हाडाला चीर गेली होती. तिला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. रोजच्या ताणाने हाडाला बारीक भेग पडते, आणि ती भरून काढायला शरीराजवळ काही शिल्लक नसलं की वाढत जाते. तेव्हा एक्स-रे काढला असता, मी धावणं थांबवलं असतं, तर कदाचित काही महिन्यांच्या विश्रांतीवर भागलं असतं. कुणी काढला नाही. मीही मागितला नाही.

ओट्यापाशी पाय गेला त्याच संध्याकाळी ऑपरेशन झालं. कमरेखाली भूल दिली होती, म्हणून ड्रिलचा आवाज ऐकू येत होता. हाडात तीन स्क्रू बसवले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी आणखी एक शब्द सांगितला, अ‍ॅव्हॅस्क्युलर नेक्रोसिस. मान मोडली की हाडाच्या गोळ्याकडे जाणारा रक्तपुरवठा तुटू शकतो, आणि मग तो गोळा आतून मरतो. तसं झालं तर खुबा बदलावा लागेल. "कळायला वेळ लागतो," ते म्हणाले. "दोन वर्षं लक्ष ठेवू."

वॉर्डात भेटायला येणारी माणसं हा आजारपणातला वेगळा आजार असतो. सासूबाई पलंगाशी बसून आल्यागेल्याला सांगत, "मी म्हणतच होते, जेव बाय जेव." मुख्याध्यापिका म्हणाल्या, "कुठल्याही गोष्टीचा अतिरेक वाईट, मी तुम्हाला बोलणारच होते." नवरा म्हणाला, "मला शंका होतीच." सगळ्यांना सगळं माहीत होतं. टाळ्या मात्र जणू कुणी वाजवल्याच नव्हत्या. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहायची.

मिलिंद सर आलेच नाहीत. फुलांचं चित्र असलेला मेसेज आला, लवकर बऱ्या व्हा.

टाके निघाल्यावर आम्ही कोल्हापूरला हार्मोनच्या डॉक्टरांकडे गेलो. बाई होत्या, माझ्याच वयाच्या. त्यांच्या वेटिंग रूममध्ये अडीच तास बसलो, पाय स्टुलावर. डेक्सा स्कॅन झाला. ती हाडांची घनता मोजायची तपासणी, दुखत नाही, फक्त पडून राहायचं. रिपोर्ट माझ्या वयाला साजेसा नव्हता. पाळी चालवणारं आणि हाडं जपणारं इस्ट्रोजेन हे हार्मोन रक्तात जवळजवळ नव्हतंच.

मी त्यांना तोच प्रश्न विचारला. भूक नसेल तर खायचं का?

त्या हसल्या नाहीत. "घड्याळ फुगवून सांगतं हे तुमच्या सरांचं खरं आहे," त्या म्हणाल्या. "ज्यांना वजन उतरवायचंय त्यांनी तो आकडा पूर्ण खायलाच हवा असंही नाही. एखाद्या दिवशी भूक नसेल, नका खाऊ, काही बिघडत नाही. पण तुम्ही वर्षभर रोज धावत होतात. जोराच्या व्यायामानंतर भूक काही वेळ दबते. आणि सतत कमी खाल्लं की भुकेचा काटाच बिघडतो. बिघडलेल्या काट्याला तुम्ही वजन विचारत होतात."

याला लो एनर्जी अव्हेलेबिलिटी म्हणतात. खाल्लेल्यातून व्यायामाला लागलेलं वजा करा. जे उरतं त्यावर हृदय, हाडं, पाळी, केस सगळं चालायचं असतं. ते कमी पडलं की शरीर एकेक खर्च बंद करत जातं. आधी पाळी, मग हाडांची डागडुजी. गणिताच्या बाईला वजाबाकी समजावून सांगावी लागली.

"पण मी बारीक तरी कुठे आहे?" मी विचारलं. "एकोणपन्नास म्हणजे उंची-वजनाच्या चार्टमध्ये बसतं."

"म्हणूनच कुणाला शंका आली नाही," त्या म्हणाल्या.

मग घड्याळ लावून जेवायला सुरुवात केली. भूक असो नसो. सकाळी घावणे, अकराला दूध, दुपारी भात-आमटी-मासा, चारला शेंगदाणे, संध्याकाळी पुन्हा जेवण. पहिले काही महिने जेवताना रडायला यायचं. पोट फुगायचं, पँटचं बटण लागेना. बायका म्हणायच्या, "आता जरा अंग धरलंत, पण सांभाळा हं." वॉकर धरून उभ्या असलेल्या बाईला हे सांगतात.

आता श्रद्धाबद्दल लिहायला हवं. ते टाळून मी इथवर आले.

श्रद्धा आमच्या शाळेत विज्ञान शिकवते. सव्वीस वर्षांची, बुरोंडीची, इथे भाड्याच्या खोलीत राहते. लग्न ठरल्यावर तिने माझं पाहून अ‍ॅप घेतलं. एकदा डबा खाताना तिने मला विचारलं होतं, "मॅडम, संध्याकाळी चारशे उरतात, पण भूकच नसते. खाऊ का?" आणि मी तिला म्हटलं होतं, "भूक नसेल तर नको खाऊस. तेवढंच पदरात पडलं समज."

वॉर्डात ती मला भेटायला आली तेव्हा गालफडं बसली होती. पेढ्याचा पुडा टेबलावर ठेवून म्हणाली, "मॅडम, अकरा किलो! सगळं तुमच्यामुळे." मी तिचा हात हातात घेतला. बर्फासारखा होता. हळू आवाजात पाळीचं विचारलं. ती म्हणाली, चार महिने नाही, पण लग्नाच्या धावपळीत बरंच आहे की.

मी तिला सगळं सांगितलं. एक्स-रे दाखवला. म्हटलं, मी तुला चुकीचं सांगितलं होतं, मला माफ कर आणि आजपासून खा.

तिने हात सोडवून घेतला. "तुमचं वय वेगळं आहे, मॅडम," ती म्हणाली. "आणि तुम्हाला आता धावता येणार नाही, म्हणून असं वाटतंय तुम्हाला." पुढे माझे फोन तिने उचलले नाहीत.

चौथ्या महिन्यात मी कुबड्या घेऊन शाळेत गेले. स्टाफरूम दुसऱ्या मजल्यावर. मधल्या सुट्टीत सगळ्यांसमोर उभी राहिले आणि माझी पाळी किती महिने बंद होती ते मोठ्याने सांगितलं. पुरुष शिक्षकांनी माना खाली घातल्या. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "जाधव मॅडम, ही जागा आहे का?" मी म्हटलं, "टाळ्या वाजवायची जागा होती, तर ही पण आहे." मी श्रद्धाचं नाव घेतलं नाही, तिच्याकडे बघितलंही नाही. तरी ती डबा तसाच ठेवून उठली. दारात मला म्हणाली, "माझं लग्न आहे दोन महिन्यांवर. तुम्हाला बघवत नाहीये का?"

तिचा हा प्रश्न मला हाडापेक्षा जास्त दुखला. थोडा खराही असेल. कडवट झालेल्या माणसाला दुसऱ्याचं सुख खुपतं. पण मला खुपत होता तो तिचा बर्फासारखा हात.

आज ऑपरेशनला दीड वर्ष झालं. हाड जुळलं, पण मान किंचित खचून जुळली. उजवा पाय दीड सेंटीमीटर आखूड आहे, बुटात जाड तळ घालते. तरी लंगडते. गोळा अजून जिवंत आहे, पुढचं कुणी सांगत नाही. पाळी नवव्या महिन्यात आली. अडतीस-एकोणचाळीसची बाई त्या दिवशी न्हाणीघरात बसून हसली. धावणं कायमचं गेलं.

कृतज्ञता लिहायची रीत आहे. ती मला दोघांपुरतीच वाटते. एक, ज्यांनी पहिल्यांदा विचारलं ते हाडांचे डॉक्टर. दुसरी, एक बाई, जिला मी कधी भेटले नाही.

त्या स्टाफरूमच्या प्रकारानंतर महिनाभराने अनोळखी नंबरवरून फोन आला. "मी श्रद्धाची आई, बुरोंडीहून बोलत्ये." श्रद्धा घरी आली असताना अंगणात चक्कर येऊन पडली होती. दापोलीला नेलं, तर नाडी चाळीस. डॉक्टरांनी विचारल्यावर तिनेच सांगितलं, आमच्या शाळेत एका मॅडमचं असंच झालंय. मग सगळ्या तपासण्या झाल्या. हाडं अजून धड होती. लग्न पुढे ढकललं, मुलाकडचे तयार झाले.

मी विचारलं, "मी एकदा बोलू तिच्याशी?"

"नको बाय," त्या म्हणाल्या. "तुमचं नाव काढलं तरी ताटावरून उठेल ती." फोनमध्ये भांड्यांचा आवाज येत होता. मग त्या हळूच म्हणाल्या, "आत्ता जेवायला बसलीय. दुसऱ्यांदा भात घेतलान."

मी फोन ठेवला आणि श्रद्धाला परत कधी फोन केला नाही.