रक्ताची इर्जिक

आमच्या डिंगोऱ्यात कोणाची नांगरट मागे राहिली, की शेजारी आपापले बैल घेऊन येतात. मजुरी कोणी घेत नाही, मालकाने फक्त जेवण घालायचं. याला इर्जिक म्हणतात.

१९५७ साली धाप लागते म्हणून मी मुंबईच्या इस्पितळात गेलो, तर हृदयाची झडप आवळलेली निघाली. छाती उघडावी लागणार होती, आणि त्यासाठी रक्ताच्या चार बाटल्या हव्या होत्या. मी गावी पत्र टाकलं. चौघे तरी येतील का, अशी धास्ती होती. आले अकरा.

पाच जणांचं रक्त जुळलं. उरलेल्या सहांत जुन्नरचा माझा कागद बनवणारा मित्र होता, गावकऱ्यांकडून कळलं म्हणून त्यांच्याबरोबर आलेला. तो चिडला. "म्हंजी आमी काय नुसतं जेवायला आलो?"

"कसलं जेवण?" मी विचारलं.

"इर्जिक हाय न्हवं राव. मालकानं उठून घालायचं."

शस्त्रक्रिया अडीच तास चालली. तेवढा वेळ अकराही जण जिन्यात बसून होते, असं नर्सने मला नंतर सांगितलं.

तीन महिन्यांनी आमच्या ओसरीवर अकरा पानं मांडली. मी स्वतः वाढलं. त्या कागदवाल्याने नऊ पुरणपोळ्या खाल्ल्या.