आक्काच्या मनगटातला ठोका

पूर्णा गावात ज्याची नाडी आमच्या थोरल्या साडूंनी पाहिलेली नाही, असा माणूस एक तर कालच बदलून आलेला असतो, नाहीतर गाडी बदलून नुसता पुढे चाललेला असतो. बायको त्यांना दाजी म्हणते, म्हणून मीही दाजी म्हणतो. शाळेच्या प्रयोगशाळेत परिचर म्हणून त्यांची हयात गेली. विज्ञानाचे मास्तर आले नि गेले, पण हृदय शिकवावं ते दाजींनीच. खाटकाकडून बकऱ्याचं ताजं हृदय आणून ते त्यात नळाचं पाणी सोडत आणि झडपा दाखवत. म्हणत, "हे दार एकाच अंगाला उघडतं. पुढं गेलेलं रगत माघारी येत न्हाई." स्नायूची पाळी आली की दोन्ही हातांची बोटं एकमेकांत सरकवून दाखवत, धागे तेवढेच राहतात, नुसते एकमेकांत शिरतात, की झाला स्नायू आखूड. मग सोललेल्या बेडकाच्या पायावर चिमूटभर मीठ. मेलेला पाय झटकन हलला की पुढच्या बाकावरच्या पोरी किंचाळत. दाजी शांतपणे सांगत, "भिऊ नका. जीव गेलाय, पण मासाला अजून खबर लागली न्हाई."

निवृत्तीनंतर बेडूक सुटले आणि माणसं सापडली. खरं तर हा नाद आधीपासूनचाच. माझ्या लग्नात बोहल्यावर चढून त्यांनी माझं मनगट धरलं आणि साऱ्या मांडवाला ऐकू जाईल असं जाहीर केलं, "एकशे बारा! पाव्हणे लय भ्यालेत." दुपारी झोपलेल्याच्या पाठीला ते कान लावून बसत. जाग यावी तर मानेमागून हलका आवाज, "थांबा, चालू हाय." या सवयीपायी आमची मुलं त्यांच्याकडे मुक्कामाला जायची नाहीत. आक्का, म्हणजे माझी थोरली मेहुणी, तेवढ्या एक हात त्यांच्या हवाली करून दुसऱ्या हातानं निवांत चहा पीत.

गेल्या वर्षी आक्का जेवून आडव्या झाल्या त्या उठल्याच नाहीत. आम्ही परभणीहून पोहोचलो तेव्हा घर माणसांनी भरलं होतं, पण रडत कोणीच नव्हतं. दाजी उशाशी बसून मनगट धरून होते. "रडू नका," ते म्हणाले, "नाडी चालू हाय. मधीच एखादा ठोका चुकायलाय, एवढंच." आक्काचे पाय गार पडले होते. गल्लीतल्या डॉक्टरीणबाई तपासून 'गेल्या' असं सांगूनही गेल्या होत्या. तरी पुढची तयारी करायची कुणाची छाती होईना. जन्मभर नाडी पाहिलेला माणूस 'चालू हाय' म्हणतोय, त्याला खोटं कोण पाडणार? बायको तर आक्काला हाका मारू लागली. मला क्षणभर त्यांची पापणी हलल्यासारखी वाटली.

मी डॉक्टरीणबाईंना चुकणाऱ्या ठोक्याचं सांगून पुन्हा घेऊन आलो. त्यांनी दारातूनच पाहिलं आणि मला बाजूला घेतलं. "अंगठ्यानं बघायलेत ते. अंगठ्याला आपलीच नाडी लागते. बाई तर दुपारीच गेल्या. चुकणारा ठोका यांचा हाय. यांना मोठ्या दवाखान्यात न्या."

म्हणजे दोन गोष्टी सांगायच्या होत्या, आणि एक सांगितली की दुसरी आपोआप कळणार होती. मी मुळात भित्रा. उगाचच मोरीत जाऊन तोंड धूत राहिलो. शेवटी त्यांच्याजवळ बसलो आणि हळूच म्हणालो, "दाजी, तुमचा अंगठा..."

"ठावं हाय," ते म्हणाले. "पोरांला जन्मभर म्याच सांगितलं की, अंगठा लावू नका म्हणून. आधी तीन बोटंच लावली होती, पाव्हणे. लय येळ धरली. काहीच लागंना. मग अंगठा लावला."

मी त्यांचा हात सोडवायला गेलो नाही. तासाभरानं त्यांनीच सोडला, आणि मग घरात रडणं सुरू झालं.

परभणीच्या डॉक्टरांनी दिलेली गोळी ते आता रोज सकाळी घेतात. मी फोन करून विचारतो, ते "घेतली" म्हणतात. फोन मात्र दोघांनाही लगेच ठेववत नाही.