मोठ्या मापाची सायकल

माझं अक्षर वाकडं आहे, आणि ऱ्हस्व-दीर्घ कुठं द्यायचं ते मला आजही नीट कळत नाही. चौथीनंतर शाळा सुटली. मग पेन हातात आलं ते सही करण्यापुरतं. ही वही कधी कोणाच्या हाती लागलीच तर चुका पोटात घालाव्या. मुलीच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी होती, त्यांवर लिहिते आहे. तोंडानं सांगायचं म्हटलं की माझी जीभ उचलत नाही, आणि ही सगळी गोष्ट त्याच खोडीमुळं झाली.

आम्ही बुलढाण्याला राहतो. मी एका खानावळीत पोळ्या लाटते, मुलीचे बाबा चिखलीच्या रस्त्यावर जीप चालवतात. मुलगी नववीत होती. शाळेतून मिळालेली साधी सायकल होती तिच्याकडं. एका रविवारी मैत्रिणीशी पैज लावून ती राजूर घाट उतरून परत चढून आली. त्याच वेळी इथल्या सायकल क्लबची माणसं घाट चढत होती. त्यांतल्या तिघांना तिनं मागं टाकलं.

दुसऱ्या दिवशी क्लबचे सर घरी आले. निवृत्त मास्तर, केस पांढरे, पोटऱ्या मात्र पोरासारख्या.

"ताई, पोरीत दम आहे. रविवारी आमच्यासोबत पाठवत जा. हिवाळ्यात शर्यत असते, मुलींचा गट वेगळा असतो. फक्त सायकल रेसची लागेल."

"आताची काय वाईट आहे?" मुलीचे बाबा म्हणाले. "तिले बी दोनच चाकं अन् हिले बी दोनच."

"दादा, सायकलीले दोन चाकं आहेत अन् बैलगाडीले बी दोनच. मग सायकलीच्या वेळात पोचते काय बैलगाडी?"

बाबा हसले, पण पैसे कुठून आणायचे ते ठरलं नाही. ते माझ्याकडं आलं.

रविवारी मी मुलीसोबत क्लबच्या चहाच्या टपरीवर गेले आणि पदर सावरत बाजूला उभी राहिले. स्वस्तातली कोणती घ्यावी, असं सरांनीच माझ्या वतीनं सगळ्यांना विचारलं. मग जे सुरू झालं ते थांबेना. एक म्हणाला कार्बनशिवाय घेऊच नका. दुसरा म्हणाला डिस्क ब्रेक पाहिजेतच. तिसऱ्यानं गेअरचं असं काही सांगितलं की मला त्यातला एक शब्द कळला नाही. शेवटी एका डॉक्टरांनी सांगितलं, "स्वस्तात पाहिजे तर साठ-सत्तर हजारांत चांगली येते." मी मान हलवली. साठ हजारांत माझ्या किती महिन्यांच्या पोळ्या होतात ते मनातच ठेवलं. त्यांची स्वस्त आणि माझी स्वस्त यांच्यात अख्खा घाट होता.

सरांनी निघताना एका चिठ्ठीवर लिहून दिलं. अल्युमिनियमची घ्या, साधे ब्रेक चालतील, गेअर जास्त नसले तरी चालतील. खाली मोठ्या आकड्यात लिहिलं होतं अट्ठेचाळीस, आणि त्याखाली रेघ. "हे फ्रेमचं, म्हणजे सांगाड्याचं माप, पोरीच्या उंचीचं," ते म्हणाले. "बाकी काही कमी-जास्त झालं तर चालेल. अडलं तर दुकानातून मला फोन करा."

बचत गटात मी पंचवीस हजार मागितले. कशाला, असं विचारल्यावर खरं सांगितलं. बाया हसल्या.

"शिलाई मशीन घेते म्हण, बकऱ्या घेते म्हण. सायकल काय दूध देणार हाय का वं?"

"वरात काढणार असेल पोरीची सायकलवर."

मी खाली बघत बसले. पण पैसे मिळाले.

खामगावच्या दुकानात तशा दोनच सायकली होत्या. एक अट्ठेचाळीस मापाची, बरोबर पंचवीस हजारांची. दुसरी छप्पन्नची. वर्षभर पडून होती म्हणून दुकानदार ती एकवीसला द्यायला तयार होता. मुलगी मोठीवर बसली, तर पायाचे फक्त चवडे टेकले.

"आई, ही मोठी होते."

"वाढतं अंग आहे तुझं. सालभरात मापाची होईन."

मी तिचा शाळेचा फ्रॉक नेहमी दोन माप मोठा घेतला. खाली दुमडून शिवायचा आणि दरवर्षी एकेक दुमड उसवायची. चप्पल घेतली तरी पुढं बोटभर जागा ठेवून. आमच्याकडं वाढत्या लेकराला मापाचं घेणं म्हणजे उधळेपणा. शिवाय चार हजार वाचत होते, त्यात डोक्याचं टोपरं, म्हणजे हेल्मेट, येत होतं, ते तर शर्यतीला सक्तीचंच होतं.

"मावशी, चिठ्ठीत अट्ठेचाळीस लिहिलं आहे," दुकानदार म्हणाला. "ज्यांनी दिली त्यांना फोन लावून विचारा ना."

फोन माझ्या हातात होता. सर काय म्हणतील, दुकानात चार माणसांसमोर मी काय बोलू, आवाज फुटेल का, याच विचारात मी उभी राहिले आणि फोन पिशवीत टाकला. "राहू द्या, हीच द्या," म्हटलं. तेवढंच बोलता आलं.

दोन दिवसांत मुलीच्या बाबांनी पंक्चरवाल्याकडून सायकलला स्टँड आणि मागं कॅरिअर ठोकून घेतलं. "भिंतीले टेकून ठेवायची वस्तू हाय काय ही?" स्टँडच्या पकडीनं फ्रेमवर खोल ओरखडा पडला.

महिनाभर मुलगी तीच चालवत राहिली. रात्री मान चोळत बसायची. बोटं बधिर होतात म्हणायची. मी तेल लावून द्यायचे आणि म्हणायचे, सवय होईल. मग घाट उतरताना वळणावर तिची बोटं ब्रेकपर्यंत वेळेवर पोचली नाहीत. ती मुरमात घसरली, गुडघा आणि कोपर सोलून निघाले. सर तिला घेऊन घरी आले. त्यांनी तिला सायकलच्या मधल्या दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टेकवून उभं केलं, दांडी टोचत होती.

"माप कोणी निवडलं?"

मी दाराआड होते. मुलीनं माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "दुकानात हीच होती."

तिनं माझ्यासाठी खोटं सांगितलं, ते मला गुडघ्याच्या जखमेपेक्षा जास्त लागलं. तरी मी बाहेर आले नाही.

सरांनी बसायची सीट पुढं सरकवली, हँडलचा दांडा आखूड टाकला. उपयोग झाला नाही. खामगावचा दुकानदार म्हणाला, "वापरलेला माल आहे मावशी, वर स्टँड ठोकलेला. कसा परत घेऊ?" त्याचं चुकलं नव्हतं, म्हणून रागही धड काढता येईना.

मुलगी रविवारी अंथरुणातून उठेनाशी झाली. "जाऊन नाही राह्यली का?" विचारलं की "पाय दुखते" म्हणायची. तिची शर्यत जाणार हे मला दिसत होतं. मग एका सकाळी मी एकटी टपरीवर गेले आणि सरांना सगळं सांगितलं. चिठ्ठी होती, फोन होता, मीच केला नाही. ते रागावले नाहीत. "ताई, एक मिनिटाचं काम होतं," एवढंच म्हणाले. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

मोठी सायकल क्लबमधल्या एका उंच तलाठ्यानं तेरा हजारांत घेतली. सरांनी अठरा हजारांत अट्ठेचाळीसची जुनी शोधून दिली. वरचे पाच हजार मी पुन्हा गटातूनच घेतले. तलाठ्याला ती अगदी मापाची बसली. आमच्या गल्लीवरून जाताना तो हात करतो, आणि मी पदर सावरत आत जाते.

शर्यतीत मुलगी नववी आली. दोन महिने बुडाले नसते तर, असं सर म्हणता म्हणता थांबले. ती मात्र धापा टाकत हसत होती. "आई, या खेपेला ब्रेक हाताले लागले," म्हणाली. आणि वाढतं अंग म्हणावं, तर त्या सालात पोरगी बोटभरही वाढली नाही.

हप्ते दोन वर्षं चालले. दर महिन्याच्या बैठकीत कोणीतरी विचारायचंच, "काय वं, सायकल दूध द्यायला लागली का?" मी हसून हप्ता ठेवायचे. जी वस्तू दुसऱ्याच्या बुडाखाली होती तिचेही पैसे मी भरत होते.

मागच्या बैठकीत शेवटचा हप्ता दिला. अध्यक्षबाईंनी नोटा मोजल्या आणि वही मिटली. "पुढच्या महिन्यात लिहू, आता उशीर झाला."

"नाही," मी म्हटलं. "आत्ता लिहा. पूर्ण फिटले म्हणून लिहा. मी थांबते."

बाया माझ्याकडं बघायला लागल्या. अध्यक्षबाईंनी वही उघडली आणि लिहिलं. मी वाचून पाहिलं आणि खाली सही केली.